तिसऱ्या मजल्यावरची नीळ

हॅलो?… हॅलो, कोण?

सुरुची?… थांब हं, चष्मा नाहीये डोळ्यावर, नाव दिसलंच नाही. बोल. मनू बरी आहे ना?… बरी आहे. हं. बरं.

नाही गं, दचकले नाही. पण महिना झाला तुला माहेरी जाऊन, सगळे निरोप शंतनुमार्फत. आज सून थेट सासूला फोन करते म्हणजे म्हटलं पोरीला ताप बीप…

नाही ना? मग?

कुठला फोटो?

अच्छा, तो. सोसायटीच्या ग्रुपवरचा. धनेशने टाकला? आज?… ‘आधी’ आणि ‘नंतर’. हौस बघ माणसाची. हो, त्याच्याच हॉलचं छत आहे ते. आधीचं निळं, नंतरचं पांढरं.

शंतनुला विचारलंस? काय म्हणाला?… ‘आईलाच विचार’. वा. एकुलता एक मुलगा, आणि तोही असा.

मी कशाला करू गं सेक्रेटरीचं छत निळं? तो पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी काय जमिनीला भोक पाडून…

…

हो.

हो, म्हणजे हात माझाच होता. पण दुसऱ्या मजल्यावरून नाही, तिसऱ्या… अगं ऐक ना. असं मधूनच सांगितलं तर मी वेडी वाटेन तुला. पहिल्यापासून सांगते. आहे ना वेळ? मनू काय करतेय?… चित्रं काढतेय. काढू दे.

तर तुमच्या खोलीतली ती भिंत. तू गेलीस तेव्हा कपाटामागे डाग केवढा होता? ताटलीएवढा. आठ दिवसांत परातीएवढा झाला. नाही गं, टोमणा नाही मारत, जे झालं ते सांगतेय. काळे काळे ठिपके, तीळ सांडल्यासारखे. आणि कपाट उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास. तुझी ती हिरवी कॉटनची साडी…

नाही नाही, आहे. धुतली. निघाले डाग. बरेचसे.

आता माझी खात्रीच होती की पाणी वरून येतंय. वर गंगुबाईचं बाथरूम. तुझ्यासमोरच तर सुनावलं होतं मी तिला जूनमध्ये, जिन्यात उभं राहून. तीस वर्षांची शेजारीण, शंतनुच्या बारशाला घुगऱ्या तिने केल्या होत्या. पण मी बोलले ते बोलले. त्यानंतर आम्ही जिन्यात समोरासमोर आलो की ती कठड्याकडे बघायची आणि मी मीटरच्या पेटीकडे. दोन महिने.

धनेशला अर्ज दिला. दोनदा. त्याने लेखी कळवलं, हा दोन सभासदांचा आपापसातला प्रश्न आहे, सोसायटी यात पडणार नाही. म्हटलं ठीक आहे. मग मीच पुरावा आणते.

कसला म्हणजे? मोबाईलवर बघितलं मी. वरच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी ओतायचं आणि खालच्या भिंतीवर तो रंग उतरतो का बघायचं. उतरला की चोर सापडला. अगदी शास्त्रीय पद्धत आहे, सुरुची. फक्त ते म्हणत होते की वरच्यांची परवानगी घ्या.

…हो. तेवढं राहिलं.

हसतेस ना? हस. पुढे ऐक. नारळी पौर्णिमेला नारळीभात केला. डबाभर. आणि कपड्यांना घालायची नीळ असते ना… हो, पातळ, बाटलीतली. ती बाटली गाऊनच्या खिशात. वरून ओढणी. आणि गेले तिसऱ्या मजल्यावर.

गंगुबाईने दार उघडलं आणि बघतच राहिली. दोन महिन्यांनी मी दारात, हातात भात. तिचे डोळे भरले गं.

हो, वाटली लाज. वाटली की. पण आता बाटली खिशात होती, वरपर्यंत आणलेली. म्हटलं, हात धुते जरा, नारळाने चिकट झालेत. ती डबा रिकामा करायला स्वयंपाकघरात वळली आणि मी बाथरूममध्ये. कडी लावली. आख्खी बाटली जाळीवर ओतली आणि वरून दोन बादल्या पाणी.

पण तिने नव्या पांढऱ्या फरशा बसवल्यात हे मला कुठून कळणार? बोलत कुठे होतो आम्ही? फरशा निळ्या. फटी निळ्या. मी पायाने घासायला गेले, तर माझ्या टाचा निळ्या. मग आणखी पाणी, आणखी पाणी. आणि ती बाहेरून विचारतेय, बरं वाटत नाही का, लिंबूपाणी देऊ का म्हणून.

नाही प्यायले. एवढीही निर्लज्ज नाहीये मी.

खाली आले, तुमच्या भिंतीसमोर खुर्ची टाकली, बॅटरी घेतली आणि बसले. शंतनु तिथेच लॅपटॉपवर, अंगात स्वेटर… हो, एसी अठरावर, दुसरं काय. त्याने विचारलं, आई काय बघतेस. म्हटलं, ध्यान करते. दुपार गेली, संध्याकाळ गेली. एक थेंब निळा नाही. काळं होतं ते काळंच.

मला तर वाईटच वाटलं. म्हणजे बघ, घरात गळती नाही म्हणून वाईट वाटलेली बाई मीच असेन सगळ्या दादरात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धनेश. अर्धी दाढी केलेली, अर्धा फेस तोंडावर, प्रत्येक मजल्यावर बेल वाजवत. त्याच्या हॉलच्या छतावर, बाथरूमच्या बाजूच्या कोपऱ्यातून निघून थेट पंख्यापर्यंत… निळं. शाईची दौत लवंडल्यासारखं. आठवड्यापूर्वीच रंग काढला होता त्याने.

अगं तोच तर मुद्दा आहे. त्या कोपऱ्यात आधीपासून पिवळट डाग होता म्हणे, वर्षभर. दर वेळी गुपचूप रंग मारून झाकायचा आणि बाकीच्यांना सांगायचा की बिल्डिंग एकदम टणटणीत आहे. पिवळ्यावर पांढरा बसतो. निळ्यावर बसेना.

हो ना? मलाही तेव्हा हसू आलं. पण फार वेळ नाही टिकलं.

संध्याकाळी खाली जिन्याजवळ मीटिंग. सगळी बिल्डिंग. मी मागच्या खुर्चीवर, दोन्ही पाय आत ओढून. धनेश विचारत होता, नीळ कोणी ओतली, हा खोडसाळपणा आहे, मी तक्रार करणार. आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. माझ्याकडे आला तेव्हा मी बाजूच्या बाईंना विचारत होते, त्यांच्याकडे दूध कधी येतं.

आणि गंगुबाई उठली.

मी मनात म्हटलं, संपलं. तिच्या फरशा निळ्या, तिच्याकडे कालच मी जाऊन आलेली, दोन आणि दोन चार. आता ही माझं नाव घेणार. घेऊ दे, घ्यायलाच हवं.

ती म्हणाली, “बाटली माझ्या हातून सांडली.”

एवढंच. आणि बसली.

…

नाही. नाही उठले मी. उठायला पाहिजे होतं, मला कळतं ते. धनेश तिला बोलत होता, वयाप्रमाणे जपून राहावं वगैरे, आणि ती ऐकून घेत होती. मी तशीच बसून. सुरुची, तुला सांगते, त्या भिंतीपेक्षा मला माझीच किळस आली त्या क्षणी.

मग मीटिंग संपली. ती पुढे, मी मागे, जिना चढतोय. दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारापाशी ती थांबली. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, “भात बरो होतो गो सरोजिनी. पण फुडच्या खेपेक नीळ आणू नको.”

हसू नकोस, मी रडले तेव्हा. पायरीवरच बसले. तिला म्हटलं, मी दोन महिने तुला चोर ठरवलं आणि तू मला वाचवलंस. तर म्हणते, तुला कसली वाचवते, धनेशला तुझ्याविरुद्ध एक कागद मिळाला असता आणि तुझी भिंत कोणी बघायला आलं नसतं. आता पाईप फुटलाय हे सगळ्यांना कळलं, आता माणूस येणारच.

बघ. मी आयुष्यभर कचेरीत फायली हलवल्या, पण डोकं तिचं चाललं.

आणि आला माणूस. आधी प्लंबर. वरपासून खालपर्यंत एकच पाईप जातो ना सगळ्यांच्या बाथरूमचा, तो माझ्या खाली आणि धनेशच्या वर फुटलेला. म्हणजे सोसायटीचा पाईप, सोसायटीचं काम. स्वतःच्या छतावर आलं तेव्हा आपापसातला प्रश्न राहिला नाही तो. तीन दिवसांत दुरुस्त.

नाही, तो आपला डाग नव्हे. आपली भिंत तर पाईपपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तेच सांगतेय.

प्लंबर म्हणाला की बाकीच्या घरांतही ओल आहे का ते एकदा जाणकाराला दाखवा. मग राजरत्न म्हणून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, शांत. ते रंग विकत नाहीत, वॉटरप्रूफिंग करत नाहीत. ओल कुठून येते तेवढं शोधतात आणि लिहून देतात. धनेशचं बघून ते निघाले होते, तर गंगुबाईने जिन्यातच गाठलं त्यांना आणि घेऊन आली, हिची पण भिंत बघा म्हणून. तिलाही पाहायचंच होतं ना, बोलणी खाऊन दोन महिने अबोला कशासाठी सोसला ते.

अगं, अगदी डॉक्टरसारखे. आधी हात लावला नाही. नुसते प्रश्न. डाग वरून खाली आला की जागच्या जागी वाढला? पाऊस जोरात झाला की वाढतो, की कोरड्या दिवशीही तेवढाच? कडेला पिवळी रेघ आहे का, पांढरी भुकटी सुटते का? मी म्हटलं, नाही, नुसते काळे ठिपके. तर म्हणाले, हं. डॉक्टर ‘हं’ म्हणाला की कसं होतं, तसं झालं मला.

मग कपाट ओढायला लावलं. तू जूनमध्ये म्हणत होतीस ते कपाट… हो, तेच… भिंतीला असं चिकटलेलं की मागे वही सरकवता येणार नाही. मागची भिंत त्यांनी उलट्या हाताने तपासली आणि मला म्हणाले, तुम्ही पण लावा. गारढोण. कुल्फीच्या साच्यासारखी.

मग पोळ्या गुंडाळायचा तो चांदीचा कागद मागितला. त्याचा एक चौकोन भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी. म्हणाले, उद्या बघू. पाणी कागदाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला आलं, तर भिंतीतून येतंय. पाणी वरच्या बाजूला, खोलीकडे आलं, तर खोलीतल्या हवेतून येतंय. आणि जाताना कपाटावर एक छोटं यंत्र ठेवलं, घड्याळासारखं. हवेत किती दमटपणा आहे ते दिवसभर लिहून ठेवतं. मला सांगितलं, रोज जे करता तेच करा, काही बदलू नका.

मी काहीच बदललं नाही. अगदी प्रामाणिकपणे.

दुसऱ्या दिवशी आले. गंगुबाई त्यांच्या आधी येऊन बसलेली. कागदाच्या वर टपोरे थेंब, पहाटेच्या अळूच्या पानासारखे. चिकटपट्टी काढली, मागे हात फिरवला. कोरडं.

म्हणाले, “वरून पाणी येत नाहीये, बाई. भिंतीला घाम येतोय.”

मग त्यांनी कारणं सांगितली. पहिलं कारण एसी. अठरावर, दुपारभर. खोली बंद. भिंत गार पडते. मी लगेच शंतनुकडे बघितलं. म्हटलं, ऐक. मी सांगत होते ना, त्या एसीने पोरीला खोकला…

हो हो, तुला पण सांगत होते. रोज सांगत होते. माहितेय मला.

आणि… हं? नाही, दुसरं कारण पण होतं.

सांगते ना. पाणी पिते थांब.

…

खिडकी. खिडकी बंद. डास येतात म्हणून मीच पट्ट्या लावल्या होत्या. तू जूनमध्ये म्हणाली होतीस उघडूया, मी नाही म्हटलं. ते एक. कपाट चिकटलेलं, मागे वारा नाही. ते पण तू म्हणाली होतीस. दोन्ही मिळून दुसरं कारण.

तिसरं?

तू फार हुशार आहेस, माहितेय का तुला? तीन आहेत म्हणून कुणी सांगितलं?

…शंतनुने. बरं. म्हणजे त्याने सगळं सांगितलंय?… नाही? फक्त ‘तिसरं आईलाच विचार’. मग ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने सांगून होणार नाही.

त्यांनी ते यंत्र मोबाईलला लावलं आणि रेघ दाखवली. दुपारभर रेघ खाली, सपाट, एसी चालू म्हणून. सात वाजता शंतनुचं काम संपतं, एसी बंद. आणि साडेसातला ती रेघ… सपाट, सपाट, आणि एकदम मलबार हिल. राजरत्न म्हणाले, साडेसातला या खोलीत काय असतं? मी म्हटलं, दिवेलागण. ते म्हणाले, नाही, पाणी उकळल्यासारखं काहीतरी. मी म्हटलं, छे.

आणि मागून गंगुबाई म्हणाली, वाफ. रोज संध्याकाळी जिन्यात ओव्याचा नि निलगिरीचा वास येतो.

…

हो. मनूला द्यायचे तीच.

अगं, मनू नाहीये हे मला माहीत आहे. पण मी म्हटलं, ती परत येईल तेव्हा खोलीतले जंतू मेलेले असावेत. म्हणून रोज मोठं पातेलं, ओवा, निलगिरीचं तेल, दार बंद, खिडकी बंद, पाऊण तास. तीन आठवडे. रिकाम्या खोलीला वाफ देत होते मी.

आणि त्याआधी मे महिन्यापासून मनूला. गार भिंत, वर गरम वाफ, कपाटामागे पाणी, पाण्यावर बुरशी. बुरशीने ती खोकायची. ती खोकली की मी आणखी वाफ द्यायचे.

…

सुरुची?

आहेस ना?

नाही, मला वाटलं फोन कट झाला. बोल काहीतरी. ओरडलीस तरी चालेल.

…हं.

हो. तू सांगितलं होतंस. डॉक्टरांनी पण एकदा म्हटलं होतं, वाफ एवढी नको. मला वाटलं आजकालच्या डॉक्टरांना काय कळतं.

आणि अजून एक राहिलंय. ते मीच बोलते, तू विचारायच्या आधी. सत्यनारायणाच्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की आठवड्यातून दोनदा खोली झाडली तर बुरशी येत नाही. तुला उद्देशूनच म्हणाले होते. आणि माहेरची सवय वगैरे. त्याच रात्री तू दोन बॅगा भरल्यास. मी सगळ्यांना सांगितलं की भिंतीमुळे गेली. भिंतीमुळे नव्हतीस गेलीस तू.

ते मी चुकीचं बोलले. भिंतीबद्दलही चुकीचं आणि तुझ्याबद्दलही.

…

आता रडू नकोस. मनू बघेल.

काय म्हणतेस? तिचा खोकला?… गेला? कधी?

तिकडे आल्यावर आठवड्यात.

…आठवड्यात.

नाही, काही नाही. बरं झालं. चांगलंच झालं की. तुमच्याकडे अँटॉप हिलला वारा असतो, टेकडी आहे.

हो गं. वाऱ्याचं नाहीये ते. कळतंय मला.

आता? आता केलं सगळं. राजरत्नांनी एक-एक लिहून दिलं. बुरशी कोरड्या ब्रशने घासायची नाही, धूळ उडते, छातीत जाते. मी आणि गंगुबाईने तोंडाला मास्क बांधले, हातात मोजे, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्यांनी पुसून काढली. फडकी फेकून दिली. पोपडे निघाले ते काढले, भिंत सुकू दिली. कपाट वीतभर पुढे. खिडकीला जाळी मारून घेतली, दिवसभर उघडी. एसी सव्वीसवर… हो, शंतनु कुरकुरतो, पण स्वेटर काढला त्याने. पातेलं? पातेल्यात काल साबुदाणा भिजवला. वाफ बंद.

ते यंत्र पण ठेवून घेतलंय पंधरा दिवस. बघतेस का, फोटो पाठवते रेघेचा. सपाट आहे. साडेसातला पण.

नाही, लगेच ये म्हणत नाहीये मी. तुझा विश्वास नाही बसायचा, आणि का बसावा? म्हणून मीच झोपते त्या खोलीत. हो. त्या भिंतीला उशी लावून.

कारण माझीही छाती नाजूक आहे, तुला माहितेय. म्हटलं, मला काही झालं नाही तर मनूला होणार नाही. आणि मी खोकले तर तुला स्वतः फोन करून सांगणार होते की येऊ नकोस. पाच रात्री झाल्या. एकदाही नाही. शपथेवर सांगते, एकदाही…

…

नाही नाही… ठसका… ठसका आहे गं… चहाचा…

अगं खरंच. बोलता बोलता घोट घेतला. हसू नकोस, मला हसू येतं मग आणखी… थांब… हं. झालं.

विश्वास नाही? विचार साक्षीदाराला. गंगुबाई इथेच बसलीये की समोर. हो, पहिल्यापासून. तिच्यासमोर एवढं सगळं बोलायला लागलं म्हणून तर कठीण जात होतं. गंगू, सांग गं हिला, चहा होता ना?… ऐकलंस? काय म्हणाली ऐकलंस?… ‘चहाच. पण साखर फार घालते.’ घे. ही माझी साक्षीदार.

हो, तिच्या फरशा पण घासतेय मी. रोज एक ओळ. सोडा आणि लिंबू. नऊ ओळी झाल्या, चार राहिल्यात. ती खुर्ची टाकून बसते दारात आणि कोपरे दाखवते. नीट घास म्हणते. मजेत आहे ती.

धनेशला? नाही सांगितलं अजून. सांगेन. रविवारच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे, सगळ्यांसमोर, उभं राहून. गंगुबाई नको म्हणते, पण तिचं नाव वहीत लिहिलंय त्याने, ते खोडायला हवं. घाबरते म्हणजे काय, थोडी घाबरते. पण त्याचा वर्षभराचा पिवळा डाग पण काढेन मी त्याच भाषणात.

तू ऐकायला ये… म्हणजे यावंसंच वाटलं तर. नुसती बघायला ये खोली. वास घे, हात लाव भिंतीला, कपाटामागे डोकं घालून बघ. मग ठरव. नाही पटलं तर संध्याकाळी परत जा, मी एक शब्द बोलणार नाही. लगेच उत्तर नको देऊस. आईंशी बोल, त्यांना माझा नमस्कार सांग, म्हणावं नातीला सांभाळलंत, उपकार…

काय?

शनिवारी?

अगं शनिवार म्हणजे परवा. बघायलाच ना?… हं. हं.

किती बॅगा?

…दोन्ही?

…

नाही, बोलतेय मी. शंतनुला पाठवते टॅक्सी घेऊन. तू उचलू नकोस, जड असतील.

हॅलो? हो, आहे मी. ऐकतेय.

आहे गं. ठेव तू.